सी मफद्दलचं कारंजं

आमच्या फेस शहरात एक वाक्य फुकट वाटलं जातं: घर तुमचंच आहे, कधीही या. वाणी म्हणतो, न्हावी म्हणतो, गल्लीत गाढवाच्या गर्दीत ज्याचा धक्का लागला तो अनोळखी माणूसही माफी मागून झाल्यावर म्हणतो. ऐकणाऱ्यानं छातीवर हात ठेवायचा, अल्ला तुमचं भलं करो म्हणायचं आणि आपल्या वाटेनं जायचं. कोणी खरोखर उठून दारात येत नाही. आलाच, तर चूक बोलणाऱ्याची नसून ऐकणाऱ्याची आहे असं आम्ही मानतो. डोंगरातली माणसं मात्र शब्द जसा ऐकतात तसा धरून ठेवतात, आणि त्यासाठी आम्ही त्यांना अडाणी म्हणतो.

मफद्दल सपाता शिवायचा. पिवळ्या चामड्याच्या, टोकदार, टाच दुमडून घालायच्या. नवव्या वर्षी उस्तादाच्या हाताखाली आरी घेऊन बसला, तो पन्नाशी उलटली तरी उठला नव्हता. त्याचा टाका पाहून चांगले चांगले व्यापारी शुक्रवारच्या नमाजासाठी त्याच्याच हातच्या सपाता मागायचे आणि त्याला मानानं सी मफद्दल म्हणायचे. हातानं असा नेमका माणूस, पण जीभ मात्र सैल. उचलली जीभ लावली टाळ्याला. कोणाचं वाईट बोलणार नाही, कोणाला फसवणार नाही, पण स्वतःबद्दल बोलायला लागला की त्याच्या तोंडून दुसराच एखादा माणूस बोलतोय असं वाटायचं. त्या दुसऱ्या माणसाचं बाब फतूह नावाच्या वेशीच्या आत एक दुकान असायचं, हाताखाली सहा कारागीर असायचे. खऱ्या मफद्दलकडे दुसऱ्याच्या दुकानातला एक ओटा होता.

तो राहायचा बाब फतूहच्या बाहेर, एका घराच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत. त्या घरात चार कुटुंबं, सगळ्यांना मिळून एक नळ आणि जिन्याखाली एक संडास. मुलगी लग्न होऊन तांजाला गेलेली. बायको बतूल, शेजारपाजारच्या मानानं लल्ला बतूल, दिवसभर खिडकीशी बसून जेलाब्यांना, म्हणजे इथल्या टोपीवाल्या लांब झग्यांना, लावायच्या रेशमी गुंड्या विणायची. बतूल कमी बोलणारी बाई होती. घरात एक जण इतकं बोलत असल्यावर दुसऱ्याला गप्प बसावंच लागतं, असं ती शेजारणींना सांगायची.

शरद ऋतूत, शहरातला खप थंडावला की, मफद्दल सपातांचं पोतं बसच्या टपावर टाकून डोंगरातल्या आठवडी बाजारांना जायचा. एका वर्षी तिमहदितच्या पुढे बर्फानं त्याला गाठलं. अवेळी पडलं आणि असं पडलं की रस्ता कुठे आणि ओढा कुठे ते कळेना. बस अर्ध्यावर थांबली. उतारू जमेल तिकडे पांगले. मफद्दल शहरी कपड्यांत, पायात स्वतःच्याच हातच्या सपाता घालून, पोतं ओढत एका मेंढपाळाच्या दारापर्यंत पोचला आणि तिथं बसूनच राहिला, कारण पाय त्याचं ऐकेनात.

त्या मेंढपाळाचं नाव हद्दू आणि त्याच्या बायकोचं इट्टो. तीन दिवस त्यांनी त्याला ठेवून घेतलं. इट्टोनं त्याचे पाय लोकरीत गुंडाळून स्वतःच्या हातांनी चोळले. हद्दूनं पहिल्याच संध्याकाळी मेंढा कापला. गोठ्यात मेंढे किती उरले होते ते मफद्दलला दिसत होतं, आणि तो नको नको म्हणत राहिला, आणि हद्दू सुरी पाजळत राहिला. तिघं एकाच ताटातून जेवली. मांसातला चांगला तुकडा हद्दू बोटांनी सोडवून मफद्दलच्या पुढ्यात सरकवायचा. याला आमच्याकडे मीठ खाणं म्हणतात, आणि ज्याचं मीठ खाल्लं त्याला विसरणाऱ्या माणसाला आमच्याकडे, फेसमध्येसुद्धा, माणसात धरत नाहीत.

मफद्दलला इतकं भरून आलं की काय देऊ आणि काय नको असं झालं. पोत्यातल्या सपातांचा एक जोड दिला, तो पुरेसा वाटेना. मग त्यानं घर दिलं. फेसमधलं आपलं घर. मधोमध चौक, चौकात कारंजं, कारंज्याशेजारी संत्र्याचं झाड, भिंतींना निळ्या फरशा. असं एक घर त्यानं पाहिलं होतं, एका कातड्याच्या व्यापाऱ्याचं, सपाता पोचवायला गेला तेव्हा, उंबऱ्यावरून. हद्दू ऐकत राहिला. त्याच्या चुलीच्या उजेडात ते घर मफद्दलला स्वतःलाही इतकं खरं दिसायला लागलं की तो शपथ घालून बसला: फेसला आलात आणि दुसरीकडे कुठे उतरलात, तर अल्लाची आण, पुन्हा तोंड पाहणार नाही तुमचं.

परत आल्यावर त्यानं बतूलला सगळं सांगितलं, एक कारंजं सोडून. बतूलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या माणसांना एकदा बोलवा, असं ती दर ईदला म्हणायची. हद्दूचा फोन यायचाच ईदला, आणि मफद्दलही मोठ्या आवाजात म्हणायचा, या की, वाट पाहतोय. चार वर्षं हे चाललं. पाचव्या वर्षी, वसंतात, हद्दूचा फोन ईद नसताना आला. मुलीचं लग्न ठरलं होतं. लग्नाचं कापड फेसमध्ये घ्यायचं, इट्टोची मौले इद्रीसच्या दर्ग्यावर मेणबत्ती लावायची कधीची इच्छा आहे ती पुरी करायची, दोन दिवस शहर पाहायचं. बुधवारी येतो, असं हद्दू म्हणाला. इट्टो तर म्हणते, शहर राहू दे, मला सी मफद्दलचं कारंजं पाहायचंय.

मफद्दलनं फोन ठेवून दिला. बतूलला सांगितलं असतं तर काय झालं असतं ते त्याला चांगलं ठाऊक होतं. तिनं दोन्ही खोल्या धुतल्या असत्या, शेजारणीकडून चांगल्या गाद्या मागून आणल्या असत्या, तीन दिवस आधीपासून रांधायला घेतलं असतं. पाहुणे जिन्यावरून वर येताना त्या संडासाचा वास त्यांच्या सोबत आला असता, आणि चौकाच्या जागी चार कुटुंबांची धुणी दिसली असती. म्हणूनच त्यानं तिला सांगितलं नाही. बुधवारी तो नेहमीसारखा कामाला निघाला आणि उस्तादाकडून सुट्टी घेऊन टॅक्सीतळावर जाऊन उभा राहिला.

टॅक्सीतून सहा जण उतरले, त्यात हे दोघं. हद्दूनं नवा जेलाबा घातला होता, आणि पायात मफद्दलनं त्या बर्फाच्या वर्षी दिलेल्या सपाता होत्या, क्वचितच घातलेल्या. इट्टोच्या एका हातात निळ्या कागदातला साखरेचा सुळका आणि मुरवलेल्या लोण्याची बरणी असलेलं बोचकं, आणि दुसऱ्या काखेत पाय बांधलेला, जिवंत, भला थोरला कोंबडा. गळाभेटी झाल्या. हद्दूनं चारदा त्याचे खांदे चुंबले. मफद्दलनं कोंबड्याकडे पाहिलं आणि ठरवून ठेवलेलं खोटं बोलून टाकलं. बतूलच्या बहिणीला मक्नेसमध्ये अचानक बरं नसल्याचं कळलं, ती काल तिकडे गेली, घाईत किल्लीही घेऊन गेली.

इट्टोनं बहिणीसाठी दुवा मागितली. हद्दूनं मात्र विचार केला आणि म्हणाला, त्यात काय, बाई नसली तरी चालेल, आम्ही गच्चीवरसुद्धा झोपू, कुलूप तर काय तोडता येतं. तेव्हा मफद्दलला गवंडी आणावे लागले. चौक उकरून ठेवलाय, कारंज्याचा नळ फुटला, सगळीकडे चुना आणि विटा. बोलता बोलता त्याला स्वतःलाच चुन्याचा वास यायला लागला. हद्दूनं मान डोलावली. इट्टोचा चेहरा जरा उतरला, पण तो कारंज्यासाठी होता, संशयानं नव्हे. याच गोष्टीची मफद्दलला सगळ्यात जास्त लाज वाटली. त्यांनी जरा तरी शंका घ्यायला हवी होती.

कोंबडा मी घेतो, असं तो म्हणाला. इट्टोनं हात मागे घेतला.

"हे घरच्या बाईच्या हातात द्यायचं असतं, सी मफद्दल. तुमी बापे, तुमाला काय द्यायचं?"

मग त्या दिवशी मफद्दलनं पाहुण्यांना सगळं फेस दाखवलं, एक घर सोडून. कोंबड्यासकट. मौले इद्रीसच्या दर्ग्यापाशी इट्टोनं कोंबडा मेणबत्तीवाल्याकडे सांभाळायला ठेवला, आत जाऊन जाळीला कपाळ टेकलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. बाहेर येऊन म्हणाली, तुमच्या नळासाठी पण मागितलं. तांबटांच्या चौकात हद्दू हातोड्यांकडे अर्धा तास पाहत बसला. चामडं कमावण्याच्या हौदांवरच्या गच्चीत नाकाला पुदिना लावून उभं राहायचं असतं. हद्दूनं तो पुदिना खाऊन टाकला आणि वास काही वाईट नाही म्हणाला. परदेशी पाहुण्यांनी कोंबड्याचे फोटो काढले. दोघं हसत होती, खूश होती. आणि मफद्दल प्रत्येक ठिकाणी ज्यादा वेळ घालवत होता, प्रत्येक मशिदीच्या दाराची गोष्ट फुगवून सांगत होता, कारण गोष्ट संपली की घरी जायची वेळ होईल असं त्याला उगाचच वाटत राहायचं.

दुपारी पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा त्यानं त्यांना बूजलूदच्या वेशीजवळच्या एका खानावळीत नेलं, भरतकाम केलेल्या उशा आणि छताला दिवे असलेल्या. बस्तीला मागवली. कबुतराचं मांस, बदाम, वरती पिठीसाखर आणि दालचिनी. इट्टोनं पहिला घास घेतला आणि मांसावर साखर कोणी सांडली असं विचारलं. हद्दू हसला, आणि मग भोवतालच्या मेजांकडे पाहायला लागला. खानावळीत तो आयुष्यात पहिल्यांदाच बसला होता. त्यांच्या डोंगरात समज अशी, की ज्याला त्या गावात कोणी नाही तो विकतचं जेवतो. फेसमध्ये आपलं माणूस आहे असं सांगून तो गावातून निघाला होता. मेजाखालून कोंबडा आरवला तसा वाढपी धावत आला. त्यानं मफद्दलकडे पाहून नाक मुरडलं, आणि मफद्दलही, दुसऱ्या कोणाच्या तरी पाहुण्यांकडे पाहावं तसं, क्षणभर हद्दूच्या जेलाब्याकडे पाहून गेला. हद्दूच्या ते लक्षात आलं असेल का, हे त्याला कधीच कळलं नाही.

संध्याकाळच्या आधी ते कापडाच्या बाजारात गेले. इट्टोनं बारा दुकानांतली कापडं हाताला लावून पाहिली आणि तेराव्यात एक हिरवं जरीचं निवडलं. मफद्दलनं फेसच्या माणसाला शोभेल अशी घासाघीस केली. तिथून बाहेर पडताना समोरच्या ओट्यावरून रेशमाच्या लडी विकणाऱ्या अल्लालनं त्याला हाक मारली.

"सी मफद्दल, बरं झालं भेटलास. लल्ला बतूल सकाळी गुंड्या देऊन गेली, आणि हे लाल रेशीम इथंच विसरली. घेऊन जा, नाहीतर उद्या परत पायपीट करेल बिचारी."

अल्लालनं लडी त्याच्या हातात ठेवली. हद्दू त्याच्या उजव्या खांद्याशी उभा होता, इट्टो डाव्या. डोंगरातली बोली वेगळी असली तरी अरबी दोघांनाही चांगली समजायची. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मफद्दलला झालं. त्यानं लडी खिशात कोंबली, ती अर्धी बाहेर लोंबत राहिली. मक्नेसबद्दल काहीतरी बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण सकाळपासून धबधब्यासारखी वाहणारी जीभ कोरडी पडली होती. हद्दू कोंबड्याला एका काखेतून दुसऱ्या काखेत घेत म्हणाला, की इथं मुलीसाठी चांदीचा पट्टा कुठे मिळेल, आणि उत्तराची वाट न पाहता चालायला लागला. इट्टो मफद्दलकडे न पाहता त्याच्या मागून गेली. पट्टा त्यांनी घेतला नाही. घ्यायचाच नव्हता.

रात्रीसाठी त्यानं त्यांना एका सराईमध्ये खोली पाहून दिली. स्वच्छ होती, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. निरोप घेताना हद्दूनं नेहमीसारखंच त्याला मिठी मारली, आणि मफद्दलला वाटलं की याच्यापेक्षा यानं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. उद्या दुपारच्या टॅक्सीनं ते परत जाणार होते.

घरी येऊन त्यानं रेशीम बतूलसमोर ठेवलं. कामाच्या वेळी अल्लालकडे कसे गेलात, असं तिनं विचारलं. सहज गेलो होतो, तो म्हणाला. जेवणात मसूर होते. आत्ता सांगून टाकावं, आत्ता उठून सराईत जावं, दोघांना इथं आणून बसवावं, असं त्याच्या मनात तीनदा आलं. जाऊन सांगायचं काय, हे मात्र सुचेना. एक खोटं मागे घ्यायचं तर सगळीच घ्यावी लागतात, पार त्या बर्फापर्यंतची. आणि उद्या दुपार तर होणारच आहे, असं म्हणून तो आडवा झाला.

सकाळी सराईत गेला तर खोली रिकामी होती. दोघं पहाटेच नमाजानंतर सामान घेऊन निघून गेले, असं सराईवाला म्हणाला. मफद्दल तिथंच पायरीवर बसला. सगळ्यात आधी त्याला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं सांगायला हवं. सुटलो बुवा, असं चक्क मनात म्हणाला. आणि मग त्या सुटल्याची अशी लाज वाटली की उठता येईना. ज्यांनी याचे गारठलेले पाय मांडीवर घेतले होते ती माणसं निरोपसुद्धा न घेता याच्या शहरातून निघून गेली होती, आणि याला बरं वाटलं होतं. तो टॅक्सीतळावर गेला. तिथं ते दिसले नाहीत. दुकानात येऊन आरी हातात घेतली आणि एका सपातेचा तळ उलटा शिवून ठेवला. नवव्या वर्षानंतर अशी चूक त्याच्या हातून झाली नव्हती. दुपारची बांग झाली तसा तो घरी निघाला.

जिन्यावरच त्याला कांदा आणि केशराचा वास आला. खालची शेजारीण नळाशी भांडी घासत होती. तुमच्याकडे पाहुणे आलेत म्हणे, ती म्हणाली, माझ्या गाद्या नेल्या लल्ला बतूलनं. उरलेल्या अकरा पायऱ्या त्यानं कशा चढल्या ते त्याचं त्यालाच ठाऊक.

हद्दू बाहेरच्या खोलीत भिंतीकडेच्या बैठकीवर बसला होता, बाह्या सारून, हात धुऊन, पुढ्यात बुटकं गोल मेज. मेजावर पाव, ऑलिव्ह, आणि मधोमध मोठ्या थाळीत कोंबडा शिजून आलेला. इट्टो खिडकीशी बतूलच्या जागेवर बसून एक गुंडी कशी विणतात ते शिकत होती. बतूल आतल्या खोलीतून चहाची किटली घेऊन आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही.

झालं होतं ते साधंच होतं. इट्टो सकाळी अल्लालच्या ओट्यावर जाऊन गुंड्यावाल्या बाईचं घर विचारून आली होती. आणलेली भेट परत नेली तर गावात विचारतील, सी मफद्दलच्या घरी कोणी वारलं का म्हणून. आणि त्या बाईनं आपलं काय वाईट केलंय, असं तिचं म्हणणं. हद्दूला हे पटलं होतं.

दारात उभ्या असलेल्या मफद्दलकडे हद्दूनं वर पाहिलं. मग हद्दू बैठकीवर थोडा सरकला आणि शेजारच्या जागेवर हात आपटला.

"ये, सी मफद्दल. तुझ्याचसाठी थांबलो हाय. बस, बिस्मिल्ला कर."

स्वतःच्या घरात पाहुण्यानं बस म्हणावं, आणि घरमालकानं त्याप्रमाणे बसावं, असं फेसमध्ये बहुधा पहिल्यांदाच घडत असेल. मफद्दल बसला. हद्दू पुढे म्हणाला, की लल्ला बतूल काल रात्रीच मक्नेसहून परतल्या म्हणे, बहीण बरी आहे, अल्लाची कृपा. म्हणजे आमचं नशीब, नाहीतर यांना भेटायचं राहूनच गेलं असतं. हे बोलताना त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मफद्दलला श्वास तरी घेता आला असता. खोटं त्याचं होतं, आणि आता ते हद्दूनं आपल्या अंगावर घेतलं होतं, त्या बर्फात त्याचं ओलं पोतं दारातून खांद्यावर उचलून आत नेलं होतं तसं. ज्या माणसाला उभ्या जन्मात खोटं बोलायची गरज पडली नव्हती त्याला आज मफद्दलसाठी ते बोलावं लागलं, तेही जेवायच्या आधी, अल्लाचं नाव घेऊन.

जेवण झालं. मांसाचा चांगला तुकडा हद्दूनं बोटांनी सोडवला आणि मफद्दलच्या पुढ्यात सरकवला. ते पाहून मफद्दलनं मान खाली घातली, ती जेवण संपेपर्यंत वर केली नाही. इट्टोच मग बोलत राहिली. खिडकीतून ऊन किती छान येतं, रेशमाचं काम असंच उजेडात हवं, आमच्याकडे खिडकी म्हणजे वाऱ्याला आमंत्रण. चौकाबद्दल, गवंड्यांबद्दल, कारंज्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. खालून नळाचा आवाज येत होता.

टॅक्सीतळावर मफद्दल त्यांना सोडायला गेला. इट्टोच्या बोचक्यात आता बतूलनं बांधून दिलेल्या गुंड्या होत्या, नवरीच्या पोशाखाला पुरतील इतक्या. टॅक्सी भरायला वेळ लागला. हद्दूनं सांगितलं की लग्न ऑगस्टमध्ये आहे, तुम्ही दोघांनी यायचं, लल्ला बतूलना मी सांगून ठेवलंय, त्या येते म्हणाल्यात. मग त्यानं मिठी मारली. यावर आमच्या शहरात काय म्हणायचं ते ठरलेलं आहे. पुन्हा या, घर तुमचंच आहे. मफद्दल हे वाक्य आयुष्यभर न्हाव्याला, वाण्याला, रस्त्यावरच्या माणसाला म्हणत आला होता. ज्या एका माणसाला ते म्हणायला हवं होतं तो समोर उभा होता, आणि ते तोंडातून निघेना. टॅक्सीचं दार लागलं, ती गेली, आणि तो हात छातीवर ठेवून उभा राहिला.

घरी परतला तेव्हा असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज होऊन गेली होती. शेजारणीच्या गाद्या घडी करून दाराशी ठेवलेल्या होत्या. बतूल खिडकीशी बसून लाल रेशमाची गुंडी विणत होती. तो समोर बसला. काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात तीच बोलली, हातातलं काम न थांबवता.

"दारात एक बाई उभी राहिली, मी तिला कधी पाहिली नव्हती. तिनं विचारलं, तुमची बहीण आता कशी आहे. मला बहीण नाही. मी म्हटलं, बरी आहे, अल्लाची कृपा. तिचं नाव तरी सांगून ठेवा, अहो. ऑगस्टमध्ये लग्नाला जायचंय, तिथं परत कोणी विचारेल."

मफद्दलनं माफी मागितली. अगदी मनापासून मागितली. घराची लाज वाटली म्हणून सांगितलं, जिन्याची, संडासाची, त्या चार कुटुंबांच्या धुण्यांची. तिची नव्हे, असंही म्हणाला. बतूलनं ऐकून घेतलं. या घरात ती तेवीस वर्षं राहत होती, हा जिना तीच झाडत होती, आणि वाळत घातलेल्या धुण्यात रोज तिचंही असायचं. तसं तिनं सांगितलं, आवाज न चढवता.

मग तिनं विचारलं की त्यांना कसलं घर सांगितलं होतंत. इट्टोला विचारायला तिला लाज वाटली होती.

तो नको म्हणाला. ती म्हणाली, सांगा, मलाही ऐकू दे. तेव्हा त्यानं सांगितलं. चौक, कारंजं, संत्र्याचं झाड, निळ्या फरशा. आधी अडखळत, मग जरा सलग, कारण ते घर त्याला पाठच होतं. कारंज्याच्या कडेवर पाणी प्यायला येणारी कबुतरं होती. संध्याकाळी चौकात चहा घेऊन येणारी एक मोलकरीण होती, तिला त्यानं नावसुद्धा दिलं होतं, मबरका. बतूल ऐकत राहिली. तिच्या बोटांतलं रेशीम थांबलं होतं.

"आणि मी?" ती म्हणाली. "त्या घरात मी कुठे होते?"

मफद्दलनं आठवून पाहिलं. त्या चुलीपाशी, तीन संध्याकाळी, तो काय काय बोलला होता ते एकेक करून आठवलं. त्यानं झाडाला संत्री लावली होती, कबुतरांना दाणे टाकले होते, मबरकेला चांगला पगार दिला होता. मग त्यानं बतूलकडे पाहिलं. दोन दिवसांत एकदा तरी खरं बोलायचं होतं, ते हे असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"नव्हतीस," तो म्हणाला.